आधी तोंडात बघा

"आडनाव काय म्हणालात आपण?"

मी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवी पडले होते. डोक्यावर दिवा, गळ्याभोवती कागदी रुमाल, तोंड वासलेलं. वासलेल्या तोंडानं आडनाव सांगता येत नाही. मी तोंड मिटलं, आडनाव सांगितलं आणि पुन्हा उघडलं.

"तरीच," डॉक्टर म्हणाला.

एवढंच म्हणाला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. हातातला छोटा आरसा त्यानं ट्रेमध्ये ठेवला, मास्क आणखी वर ओढला आणि चाकांचं स्टूल मागे सरकवलं.

त्याच्या आधी काय झालं ते सांगते. माझ्या डाव्या गालाला आतून एक पांढरा डाग आला होता. तिखट खाल्लं की झोंबायचा. खरवडून निघत नव्हता. जीभ सारखी तिथंच जायची. आमच्या धायरीत, वस्तीच्या तोंडाशी नवीन इमारत झाली होती आणि तिच्या तळमजल्यावर काचेच्या दाराचा हा दवाखाना होता. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी सरळ तिथं गेले. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

त्यानं तोंडात आरसा घातला आणि नाक आक्रसलं.

"काय लावता?"

"मिश्री."

"कोण, आपण?" त्यानं ओळखपत्र दोन बोटांनी उचलून बघितलं. मग अर्धवट उघड्या दारातून बाहेर काउंटरवर बसलेल्या मुलीला म्हणाला, "अहो, ऐकलं का? आयटीतल्या मॅडम आहेत. हिंजवडीला असतात. आणि तोंडात मिश्री."

बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. मोठ्यानं नाही, नाकातून. मग आडनाव. मग तरीच.

"डॉक्टर, गालाला आतून डाग आहे," मी म्हणाले. "तो जरा..."

"आधी हे शेण खाणं बंद करा. महिनाभर नीट ब्रश करा, मग या. असल्या तोंडात मी काय बघणार?"

त्यानं बघितलं नाही. गाल बाजूला केला नाही, बोट लावलं नाही, डाग कुठं आहे हेसुद्धा विचारलं नाही. मी उठले. बाहेर आले तेव्हा बाकावरच्या एका बाईंनी शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

मिश्री ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तळहातावर चुरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. आमच्या वस्तीतल्या बाया सकाळी त्याच्याशिवाय बोलत नाहीत. ओट्यावर बसतात, एकीची डबी दुसरीकडे जाते, गालात बोट फिरत राहतं. तेवढा वेळ त्यांना कुणी काम सांगत नाही. दिवसभरात त्यांच्या वाट्याला निवांत बसणं येतं ते तेवढंच. मी लहान असताना माझी दाढ दुखली, तेव्हा आईनं चिमूटभर मिश्री हिरडीवर दाबून धरली. दाढ बधिर झाली आणि मी झोपले. आमच्या घरात मिश्री हे व्यसन नव्हतं, दाताचं औषध होतं. आईनं ते मला मायेनं लावलं.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही मायलेकी आईच्या माहेरी, धायरीच्या बौद्ध वस्तीत येऊन राहिलो. धायरी तेव्हा गावच होतं. मी शिकले. इंजिनिअर झाले. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागले, अमेरिकेतल्या माणसांशी रोज फोनवर बोलायला लागले. घरात फ्रिज आला, आईला चष्मा आला. डबी मात्र माझ्याबरोबर कंपनीत गेली, पर्सच्या आतल्या कप्प्यात. दुपारी बाथरूमची कडी लावून मिश्री लावायची, चूळ भरायची, वर पेपरमिंटची गोळी. आमच्या टीममधली मुलं खाली टपरीवर सिगारेट ओढायची. मॅनेजरही असायचा. प्रमोशनच्या गोष्टी तिथंच ठरायच्या. त्याला कुणी शेण खाणं म्हणत नव्हतं. तंबाखू इंग्रजीत ओढली की चालते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या संध्याकाळनंतर माझी मिश्री वाढली. डाग झोंबायचा आणि मिश्री लावली की बधिर व्हायचा. म्हणून मी डागावरच लावायची, दाबून, आईनं दाढेवर लावली होती तशी. ज्यानं डाग पडला तेच त्याच्यावर औषध म्हणून चोळत होते. पण विचारणार कुणाला? विचारायला गेले होते ना.

मला भीती वाटत होती. सकाळी दात घासताना, बसमध्ये, कॅन्टीनमध्ये घास उचलताना. मोबाईलचा टॉर्च लावून मी कंपनीच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहायची आणि गाल ओढून बघायची. डाग काल होता त्यापेक्षा मोठा वाटायचा. कधी लहान वाटायचा. कुणाच्या पावलांचा आवाज आला की टॉर्च बंद. एकदा कंप्युटरवर शोधलं. जे फोटो समोर आले ते बघवले नाहीत. ते पान बंद केलं आणि आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. मरणाची भीती होतीच. पण कुणाला कळेल याची भीती त्याहून मोठी होती, आणि ती भीती माझ्यात त्या काचेच्या दाराआड घातली गेली होती.

फोनवर अमेरिकेशी बोलताना मधेच जीभ डागाला लागायची आणि वाक्य अर्धं राहायचं. पलीकडून विचारायचे, आहात ना? मी म्हणायची, आहे. मनात म्हणायची, अजून तरी आहे.

दुसरे डॉक्टर होते की. पुण्यात डॉक्टरांना काय तोटा. एकदा बुधवार पेठेत एका दंतवैद्याची पाटी बघून जिना चढायला लागले. वरून औषधांचा वास आला, कुणीतरी कुणाचं तरी नाव विचारत होतं. मी अर्ध्या जिन्यातून खाली उतरले. हाही आडनाव विचारेल. हाही म्हणेल, तरीच. बसस्टॉपवर उभी राहून मी रडले, आणि पर्समधली डबी काढून रुमालाआड मिश्री लावली.

मग एका रविवारी आईनं सुकट केली होती. झणझणीत. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ताट सरकवलं. आईनं माझ्याकडे नीट बघितलं. ती कधी काही विचारत नाही. उठली, माझ्या दंडाला धरलं आणि मला दारात उन्हात नेलं.

"तोंड उघड."

मी उघडलं. तिनं हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला, अंगठ्यानं गाल बाजूला केला. मग हनुवटी सोडली. आत गेली, तिची डबी आणली, माझ्या पर्समधली डबी काढली आणि दोन्ही मोरीत रिकाम्या केल्या. वरून तांब्याभर पाणी ओतलं. मग भिंतीला टेकून बसली.

"आक्काचं असंच व्हतं," ती म्हणाली.

आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. मी शाळेत असताना ती तोंडाच्या कॅन्सरनं गेली. शेवटी तिच्या गालाला बाहेरून भोक पडलं होतं. पाणी प्यायली की पदरावर सांडायचं. मावशीची गोष्ट आमच्या वस्तीत सगळे एकाच तऱ्हेनं सांगतात. बाई धडधाकट होती, दवाखान्यात नेली, डॉक्टरांनी तपासायला गालाचा तुकडा काढला, सुरी लागली आणि रोग अंगभर पसरला. तुकडा काढला म्हणून मेली. मीही हेच ऐकत मोठी झाले होते आणि मलाही ते खरं वाटत होतं.

"दवाखान्यात जा तू," आई म्हणाली. "पर तुकडा काढू दिऊ नगं. सुरी लावू दिऊ नगं त्याला. आक्काला सुरीनंच खाल्लं."

माझं कंपनीतलं काम एकच होतं. बिघाड झाला की बसायचं आणि विचारायचं, आधी काय झालं, त्यानंतर काय झालं. लोक नेहमी शेवटी जे घडलं त्याच्यावर बोट ठेवतात. मी घाबरलेली होते, पण ती सवय सुटली नव्हती.

"आई, मावशीचा तुकडा काढला तेव्हा भोक पडलेलं होतं का?"

"व्हय. भोक पडल्याबिगर कोण जातंय दवाखान्यात?"

"म्हणजे भोक आधी. सुरी नंतर."

आईनं हातातल्या रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

"आणि त्याच्या आधी? कुणाला दाखवलंच नव्हतं?"

"दावलं व्हतं की. लई आधी. नुसता पांढरा डाग व्हता तवा. पेठंत एक दातवाला व्हता, त्याच्याकडं गेलो आमी दोघी. त्यो दारातच म्हनला, बाई, तोंड मिटा, वास येतो. चूळ भरून या." आई मोरीकडे बघत होती. "आक्का जिना उतरली ती पुन्यांदा चढली न्हाई. तवापासनं पदर लावायची तोंडाला. घरात बी लावायची."

मी तिथंच बसले. सुकट गार झाली. मावशीला सुरीनं मारलं नव्हतं. मावशीला 'चूळ भरून या'नं मारलं. एक पांढरा डाग घेऊन ती वेळेवर गेली होती, आपल्या पायांनी गेली होती, आणि तिला जिन्यावरून परत पाठवलं होतं. मग आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं दोष सुरीला दिला, कारण सुरीला दोष देणं सोपं होतं. मलाही तेच म्हटलं गेलं होतं. जरा शुद्ध मराठीत, काचेच्या दाराआड, अहोजाहो करून. मधल्या काळात रस्ते रुंद झाले, हिंजवडीच्या शेतांत काचेचे मनोरे उभे राहिले, वस्तीतली पोरगी इंजिनिअर झाली. वाक्य बदललं नव्हतं. आणि मीही मावशीसारखीच जिना उतरले होते.

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेले. आई बरोबर आली, पण दाराबाहेर बाकावर बसली. मला म्हणाली, "म्या हितंच हाय. तुकडा काढाया लागले तर हाक मार."

आत एक बाई डॉक्टर होत्या. दमलेल्या, आवाजात माया वगैरे काही नाही. केसपेपरवर माझं नाव आडनावासकट लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि कागद उलटा केला.

"तंबाखू?"

"मिश्री."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

त्यांनी लिहिलं. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. हातमोजा घातला, माझा गाल ओढून धरला आणि डागावरून बोट फिरवलं, हळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग जिभेखाली बघितलं, दुसरा गाल बघितला, जबड्याखाली दाबून बघितलं. मला रडू यायला लागलं. दुखत नव्हतं. कुणीतरी बोट लावून बघत होतं, म्हणून.

"आधी कुणी बघितलं होतं का हे?"

"मी गेले होते. बघितलं नाही."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आजच काढू."

"त्यानं पसरणार नाही ना?"

"अहो, लोक आमच्याकडे पसरल्यावर येतात. मग आम्ही तुकडा काढला की म्हणतात, तुकडा काढला म्हणून पसरलं. तुमचं कदाचित काही नसेल. कदाचित सुरुवात असेल. नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, मलाही नाही. तुकडाच सांगेल."

आईनं बाहेरून ऐकलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला. "नगं," ती म्हणाली. "पोरी, चल घरी."

मी खुर्चीतून उठले होते. हे खरं सांगते. पाय जमिनीला टेकले होते, चप्पल शोधत होते. सगळं अंग म्हणत होतं, चल. इतक्या वर्षांची ऐकलेली गोष्ट अंगात असते, ती एका दुपारच्या हिशोबानं जात नाही. दारात आई उभी होती, पदर तोंडावर धरून, आणि मला ती आई दिसेना, मावशी दिसायला लागली. जिना उतरणारी. मी पाय वर घेतले, मागे टेकले आणि तोंड उघडलं.

इंजेक्शन झोंबलं. मग गाल दगड झाला. काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, कात्रीचा बारीक आवाज झाला, मग टाके. डॉक्टरांनी चिमट्यात धरून तुकडा बाटलीत टाकला. तुरीच्या डाळीएवढा. बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. मी त्या बाटलीकडे बघत राहिले. एवढ्याशाला आम्ही घाबरलो होतो.

निकाल यायचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कामावर जात होते. टाक्यांमुळे फोनवर बोलताना शब्द अडायचे, सर्दी झाली म्हणून सांगायची. आई माझ्याशी बोलत नव्हती. सकाळी बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून नुसती बसायची. तिचा हात सवयीनं कमरेला, डबीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदाच म्हणाली, "पसरलं आसंल तर मला सांगू नगं." मी मनातल्या मनात रोज डॉक्टरांना दोष देत होते, आईला देत होते, स्वतःला देत होते. रोज गालाला बाहेरून हात लावून बघायची, कुठं मऊ तर लागत नाही ना.

निकाल आला. "कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पेशी बदलायला लागल्या आहेत. असंच सोडलं असतं तर पुढे झाला असता. सगळा डाग काढू. मिश्री पुन्हा बोटालाही लागता कामा नये. आणि तपासायला येत राहायचं. कायम."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी आनंदानं वेडी होईन. तसं झालं नाही. डाग काढला, जखम भरली, पण भीती गेली नाही. अजूनही तिखट लागलं की जीभ तिथंच जाते. वेळेवर सापडला म्हणतात सगळे. वेळेवर नाही सापडला. वेळेवर मी त्या काचेच्या दाराआड गेले होते. नंतरचं सगळं नशिबानं झालं, आणि नशीब मावशीच्या वाट्याला आलं नाही.

मग मी आईची हनुवटी धरली. तिनं धरली होती तशी, त्याच दारात, उन्हात.

"माझं काय बघतीस," ती म्हणाली. "माझं झालंय समदं."

"तोंड उघड, आई."

डावा गाल ठीक होता. उजव्या गालाला मागच्या बाजूला पांढरं होतं, आणि पांढऱ्याच्या मधे लाल. माझ्यासाठी मी घाबरले होते त्याहून जास्त घाबरले. आई म्हणाली, त्या शहरातल्या दवाखान्यात मी मरेपर्यंत यायची नाही. मी म्हणाले, बरं, मग इथंच जाऊ. वस्तीच्या तोंडाशी आहे ना एक.

संध्याकाळी गेलो. बाकं भरलेली होती. काउंटरवरच्या मुलीला मी आडनाव सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आत गेलो तेव्हा त्यानं मला ओळखलं.

"या. महिन्यानं या म्हणालो होतो. आपला महिना बराच लांबला."

मी दार लावलं नाही. त्याच्यासमोर उभी राहिले, बोटानं गाल ओढला आणि आतला व्रण दाखवला.

"इथं डाग होता. मी तुम्हाला सांगितलं होतं. कापून काढावा लागला. कॅन्सर व्हायच्या वाटेवर होता."

"मी आपल्याला मिश्री बंद करायला सांगितलं होतं."

"ते सांगितलंत. आडनावही विचारलंत. बघितलं नाहीत."

बाहेर कुणी नाकातून हसलं नाही.

"ही माझी आई. आडनाव तेच. हिच्या तोंडात बघा. चूळ भरलेली नाही."

तो काहीतरी अपॉइंटमेंटचं बोलायला लागला. मी आईला खुर्चीत बसवलं आणि बाजूला उभी राहिले. त्यानं उघड्या दाराकडे पाहिलं, बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं. मग हातमोजे घातले. आईचा गाल बाजूला केला, आणि उजव्या बाजूला आल्यावर त्याचा हात थांबला. दिवा जवळ ओढून त्यानं पुन्हा बघितलं. बोट लावून बघितलं.

"हे तपासायला पाठवावं लागेल," तो हळू म्हणाला. "तुकडा काढून. लवकर."

आईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "सुरी?" तिनं मला विचारलं.

"सुरी," मी म्हणाले.

परवा आईच्या गालाचा तुकडा काढला. त्याच सरकारी दवाखान्यात. येणार नाही म्हणाली होती, पण आली. अजून निकाल नाही. आई भिंतीला टेकून बसलेली असते आणि मी तिच्याकडे बघत नाही, कारण बघितलं की मला तिच्या पदरावर सांडलेलं पाणी दिसतं. ते सांडलेलं नसतं. मी फार घाबरलेली आहे. ते लपवत नाही.

पण आमच्या वस्तीतल्या ओट्यांवर अजून सकाळी डब्या फिरतात. त्या बायांच्या तोंडात आजवर कुणी बघितलेलं नाही. शहरातला दवाखाना त्यांना लांब पडतो, हा काचेच्या दाराचा पायी जाता येईल एवढ्यावर आहे, आणि आधी बघायचं काम त्याचं आहे. मी एकेकीला आणणार आहे. संध्याकाळी, बाकं भरलेली असताना, चूळ न भरता. प्रत्येकीचा गाल बाजूला करून, बोट लावून तो बघत नाही तोवर मी दारातून हलणार नाही. आडनाव त्याला विचारावं लागणार नाही. ते मी दारातूनच मोठ्यानं सांगेन.